बॅटरीची कल्हई

गेल्या वैशाखांत एका मुंजीच्या निमित्तानें आमचें नांदगांव खंडेश्वर येथें जाणें झालें. अमरावतीहून बडनेऱ्यावरून यवतमाळकडे जो रस्ता जातो, त्यावरील हें तालुक्याचें गांव. ज्या खंडेश्वरावरून गांवाला हें नांव पडलें, त्याचें हेमाडपंती देवालय यादवांच्या काळापासून तेथें उभें आहे. आणि भोंवतालचा सारा मुलूख कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा. वैशाखांतील ऊन म्हणजे काय, हें ज्यानें वऱ्हाड पाहिलें नाहीं त्याला शब्दांनीं सांगून समजावयाचें नाहीं. सकाळीं दहा वाजतां अंगणांतील फरशीवर अनवाणी पाऊल ठेववत नाहीं, आणि दुपारीं पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन बसतो.

त्याच अंगणांत एका बाजूस आमच्या आत्याबाईंच्या नातवाची विजेवर चालणारी स्कूटर उभी असते. मुलगा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा. अमरावतीस एका खाजगी कचेरींत नोकरीस असून रोज जाऊन-येऊन करतो. तीन वर्षांपूर्वीं कर्ज काढून त्यानें ही गाडी घेतली. पेट्रोलचा खर्च वांचेल व त्यांतूनच हप्ते फिटतील, असा त्याचा हिशेब. आणि तो पहिलें वर्षभर अगदीं बरोबर उतरला. रात्रीं गाडी चार्जिंगला लावावी, सकाळीं निघावें, संध्याकाळीं परत यावें, तरी बॅटरींत कांहीं शिल्लक राहात असे. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर ती शिल्लक नाहींशी झाली. यंदां तर परतीच्या वाटेवर बडनेरें मागें पडलें कीं आंकडा लाल होतो, आणि कोणा ओळखीच्याच्या दुकानीं गाडी वायरीला लावून तासभर बसून राहावें लागतें. विक्रेत्याकडे तक्रार केली, तर बॅटरीची झीज हमीच्या मर्यादेच्या आंतच आहे, असें उत्तर मिळालें. नवी घ्यावी तर गाडीच्या किंमतीचा मोठा भाग पुन्हां मोजावा लागतो, आणि जुन्या कर्जाचे हप्ते तर अजून संपावयाचे आहेत. नोकरी सोडून गांवांतच कांहीं पाहावें काय, इथपर्यंत त्याचे विचार गेलेले आम्हांस दिसले.

“काका, ही बिघडते कशानें हो? हिला ना कोठें धक्का लागला, ना ही कधीं पावसांत भिजली,” असें तो आम्हांस विचारीत होता. आम्ही मासिकांतून शास्त्रीय विषयांवर चार ओळी लिहितों, तेव्हां आम्हांस हें ठाऊक असलेंच पाहिजे, अशी त्याची भाबडी समजूत. आम्ही उत्तर जुळवीत आहों, तोंच स्वयंपाकघरांतून आत्याबाईंचा आवाज आला, “अरे, आंतली कल्हई उडाली असेल तिची!”

सारे हंसले, आम्हीही हंसलों. परंतु घरीं परतल्यावर या विषयावरील वाचन चाळूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या दिवशीं ओटीवर जमलेल्या मंडळींत सत्याच्या अधिकांत अधिक जवळ आत्याबाईच गेल्या होत्या.

आमच्या तरुण वाचकांपैकीं पुष्कळांनीं कल्हई लावतांना पाहिली नसेल. स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घरोघर आलीं आणि भाता खांद्यावर टाकून फिरणारा कल्हईवाला हळूहळू दिसेनासा झाला. पितळेच्या अथवा तांब्याच्या उघड्या भांड्यांत ताक, सार किंवा चिंचेची आमटी ठेविली तर ती कळकते, हें मात्र अजून कित्येक गृहिणींस अनुभवानें ठाऊक असेल. पदार्थाला हिरवट झांक येते, जिभेवर एक ओंगळ तुरटपणा राहातो, आणि खाणाऱ्याला मळमळूं लागतें. कारण उघड आहे: आंबट पदार्थांतील आम्ल तांब्याला खातें आणि तें तांबें अन्नांत उतरतें. यावर आपल्या पूर्वजांनीं काढलेली युक्ति अशी कीं, भांडें निखाऱ्यांवर चांगलें तापवावयाचें, त्यांत नवसागराची पूड टाकावयाची, म्हणजे पांढरा धूर उठून धातूवरील मळ निघून जातो. आणि मग कथलाची कांडी आंत टेकवावयाची. कथील २३२ अंशांस वितळतें. वितळतांच कापसाच्या बोळ्यानें तें आंतून चहूंकडे फिरवावयाचें व भांडें पाण्यांत बुडवावयाचें. चर्र असा आवाज होतो आणि काळवंडलेलें पातेलें चांदीसारखें होऊन बाहेर येतें. हा थर इतका पातळ असतो कीं, भांड्याचें वजन वाढल्याचें हाताला कळतही नाहीं. परंतु आंबट अन्न व तांबें यांच्यामध्यें तो उभा राहातो, आणि त्याच्याच जोरावर पितळेच्या पातेल्यांत कढी करतां येते.

आतां बॅटरीकडे वळूं. गाडीच्या बॅटरींत लहान लहान पुष्कळ घट असतात. त्यांनाच आपण सेल म्हणतों. प्रत्येक घटांत दोन लांब पट्ट्या, मध्यें एक सच्छिद्र पडदा, आणि हें सर्व भिजवून टाकणारा एक द्रव, एवढाच संसार. ऋण बाजूची पट्टी तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइट थापून केलेली असते. आपण ज्याला पेन्सिलींतील शिसें म्हणतों तेंच हें ग्राफाइट. धन बाजूच्या पट्टीला कॅथोड म्हणतात. तिच्यांत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एक काळी भुकटी बसविलेली असते, आणि बॅटरीचें मोल मुख्यतः या काळ्या भुकटींतच सांठविलेलें असतें. लिथियम व त्याच्या जोडीला कोबाल्ट, निकेल, मँगनीज यांपैकीं एक किंवा अधिक धातु प्राणवायूशीं संयोग पावून ही भुकटी बनते. कांहीं बॅटऱ्यांत तिच्या जागीं लिथियम व लोह यांचें फॉस्फेट असतें. पुस्तकाच्या पानापानांत मुलें मोरपीस जपून ठेवतात, त्याप्रमाणें पुष्कळ प्रकारच्या कॅथोडांत लिथियमचे कण धातूच्या व प्राणवायूच्या थरांमध्यें बसलेले असतात. चार्जिंग करतांना ते तेथून निघून द्रवांतून पलीकडे ग्राफाइटमध्यें जातात. गाडी चालतांना परत येतात. या येरझाऱ्यांवर सारें चालतें.

ही रचना एका माणसाची नव्हे. १९८० सालीं ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ व कोइची मिझुशिमा यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडाचा कॅथोड पुढें आणला. १९८५ सालीं जपानांत अकिरा योशिनो यांनीं त्याला कार्बनाची ऋण पट्टी जोडून सुरक्षित घट बनविला. आणि १९९१ सालीं सोनी कंपनीनें तो बाजारांत आणला. २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक गुडइनफ, योशिनो व स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांस मिळालें, तेव्हां गुडइनफ ९७ वर्षांचे होते; इतक्या वयांत हा मान मिळालेला दुसरा गृहस्थ नाहीं. २०२३ सालीं वयाचीं शंभर वर्षें पुरीं करून ते वारले.

येरझारा करणारे कण जर कोठें हरवत नसते व वाट जर अडत नसती, तर बॅटरी अमर झाली असती. पण तसें होत नाहीं, आणि ज्या ठिकाणीं बिनसतें त्यांतील एक महत्त्वाचें ठिकाण म्हणजे कॅथोडाच्या कणांचा पृष्ठभाग. भरलेल्या बॅटरींत कॅथोडांतून लिथियम निघून गेलेलें असतें, आणि अशा स्थितींत तो जवळ येईल त्याचें विद्युत्कण ओढून घ्यावयास टपलेला असतो. जवळ असतो तो द्रव. त्याचेंच तो विघटन करूं लागतो आणि त्या विघटनाचा चिकट मळ कणांवर सांचत जातो. दुसरा प्रकार याहून विलक्षण आहे. या द्रवांत लिथियमचें एक क्षार विरघळविलेलें असतें, व त्या क्षारांत फ्लुओरिन असतो. कारखान्यांत कितीही कोरडेपणा राखला तरी पाण्याचा अत्यल्प अंश आंत राहून जातो. त्या पाण्याशीं क्षाराची गांठ पडली कीं हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतें, म्हणजे जें कांचेलाही खातें तेंच आम्ल. मग ताक पितळेला खातें तसें तें कॅथोडाच्या धातूला खाऊं लागतें. विशेषतः मँगनीज विरघळून द्रवांत उतरतें, पलीकडे जाऊन ग्राफाइटवर बसतें, आणि तेथें जें एक उपयुक्त कवच आपोआप तयार झालेलें असतें तें बिघडवून टाकतें. तें कवच सांधण्यांत लिथियम खर्च होतें, आणि येरझारा करणारे कण तितके कमी होतात. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर बॅटरी कळकते.

या साऱ्याला उष्णतेची फूस असते. उष्णमान दहा अंशांनीं चढलें कीं अशा रासायनिक क्रियांचा वेग ठोकळ मानानें दुप्पट होतो, असें म्हणण्याची वहिवाट आहे. तो नियम कांहीं तंतोतंत नव्हे, पण वऱ्हाडच्या उन्हांत उभ्या असलेल्या स्कूटरची कल्पना येण्यास पुरेसा आहे. अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत याचा मोठा प्रत्यय आला. निसान कंपनीची ‘लीफ’ नांवाची विजेची मोटार २०१० च्या अखेरीस विक्रीस आली. तिच्या बॅटरींत मुख्यतः मँगनीजचा कॅथोड होता, आणि बॅटरी थंड ठेवण्याची द्रवाची किंवा पंख्याची योजना नव्हती. २०१२ च्या उन्हाळ्यांत फिनिक्स शहरांतील मालकांनीं तक्रारींचा गदारोळ केला कीं, दोन वर्षेंही झालीं नाहींत तोंच गाडीचा पल्ला घटला. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि कंपनीला बॅटरीच्या क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली. पुढें तिनें उष्णता अधिक सोसणारी बॅटरी काढली. फिनिक्सचें ऊन आणि अकोला-अमरावतीचें ऊन हीं सख्खीं भावंडें आहेत. फरक इतकाच कीं, तेथील मालकांना वकील लावतां आला.

मँगनीजचें नांव निघालें म्हणून सांगतों कीं, ही धातु आम्हां विदर्भवासीयांस परकी नाहीं. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील खाणींतून ती कित्येक दशकें निघत आली आहे. नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या ‘मॉइल’ या सरकारी कंपनीची डोंगरी बुजुर्ग येथील खाण भंडारा जिल्ह्यांत असून, विजेरींत घालावयाच्या कोरड्या सेलांना लागणारा मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही तेथें आहे. आमच्या लहानपणीं विजेरीचा जुना सेल फोडला कीं जी काळी भुकटी हाताला लागे, तिच्यांतील मुख्य द्रव्य तें हेंच. मँगनीज स्वस्त, मुबलक व निर्धोक. कोबाल्ट महाग आणि दूरच्या कांगो देशांतून यावयाचा. म्हणून मँगनीजचा कॅथोड टिकाऊ करतां आला तर तें साऱ्या जगाला हवें आहे. अडतें तें त्याच्या विरघळण्यापाशीं.

आणि येथेंच कल्हईचा प्रवेश होतो. १९९० नंतरच्या दशकांत कांहीं संशोधकांच्या मनांत आलें कीं, द्रव बदलतां येत नाहीं व कॅथोडही बदलतां येत नाहीं, तर दोहोंच्या मध्यें एक पातळ पडदा कां उभा करूं नये? २००० सालीं दक्षिण कोरियांतील जेफिल चो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडाच्या कणांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा लेप देऊन दाखविलें कीं, असा कॅथोड पुष्कळ वेळां चार्ज होऊनही आपली क्षमता राखतो. त्यानंतर झिर्कोनियम, टिटॅनियम, मॅग्नेशियम यांचीं ऑक्साइडें, फॉस्फेटें, फ्लुओराइडें अशा नाना द्रव्यांचे लेप देऊन झाले. २००३ सालीं चो यांनीं ॲल्युमिनियम फॉस्फेटाचा लेप दिलेला घट प्रमाणाबाहेर चार्ज केला असतां अधिक सुरक्षित राहातो, असेंही प्रसिद्ध केलें. वाचकभगिनींस हें वाचून मौज वाटेल कीं, माणिक आणि नीलम हीं दोन्ही रत्नें मूळचीं ॲल्युमिनियम ऑक्साइडच आहेत. अन्य धातूंच्या किंचित् अंशानें त्यांस तो तांबडा वा निळा रंग येतो. म्हणजे आपल्या कथलाच्या जागीं येथें माणकाची कल्हई आहे!

ती लावण्याची एक रीत पुष्कळशी घरगुती म्हणावी अशीच आहे. ॲल्युमिनियमच्या क्षाराच्या द्रावणांत कॅथोडाची भुकटी ढवळावयाची, सुकवावयाची आणि भट्टींत कांहींशें अंशांवर भाजावयाची. दुसऱ्या रीतींत द्रावणही लागत नाहीं. अतिशय बारीक चूर्ण भुकटींत घोळून भाजलें तरी काम भागतें. कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर अशाच रीति चालतात. परंतु लेप सारखा बसत नाहीं. कोठें जाड, कोठें उघडा. म्हणून तिसरी रीत निघाली, आणि ती मात्र ऐकूनच थक्क व्हावें अशी आहे. फिनलंडमध्यें तुओमो सुंटोला यांनीं १९७४ सालीं एक युक्ति शोधली, तींत एकेका अणूच्या जाडीचा थर चढवितां येतो. ॲल्युमिनियम असलेली एक वाफ भुकटीवर सोडावयाची. ती पृष्ठभागावर जेथें जेथें जागा मिळेल तेथें एकदांच चिकटते, एकावर एक चढत नाहीं. उरलेली वाफ काढून टाकावयाची व मग पाण्याची वाफ सोडावयाची. दोहोंच्या संयोगानें ऑक्साइडाचा एक थर होतो. हवे तितके थर, तितक्या वेळां हेंच. अशा एका फेरींत सुमारें एक दशांश नॅनोमीटर जाडी चढते. आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लाखावा भाग!

२०१० सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांतील मंडळींनीं या रीतीनें लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडावर लेप दिला. अवघ्या दोन फेऱ्या. ४.५ व्होल्टपर्यंत, म्हणजे नेहमींपेक्षां अधिक, ताणून १२० वेळां घट चार्ज केला. तेव्हां उघड्या भुकटीची क्षमता ४५ टक्के उरली, आणि लेप दिलेल्या भुकटीची ८९ टक्के. डोळ्यांस सूक्ष्मदर्शकांतूनही दिसावयाचा नाहीं असा तो थर, आणि त्यानें एवढा फरक पाडावा! आम्हीं हे आंकडे दोनदां तपासून पाहिले.

येथें कल्हईची उपमा तोकडी पडते. पातेल्यावरील कथलाचें काम फक्त अडविण्याचें आहे. कॅथोडावरील लेपाला द्रव व आम्ल यांस अडवावयाचें, पण लिथियमच्या कणांस मात्र जाऊं-येऊं द्यावयाचें. शिवाय विद्युत्कणांचीही वाट बंद होतां कामा नये, आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड तर विजेला मुळींच वाट देत नाहीं. म्हणून लेप जाड झाला कीं बॅटरी टिकते खरी, पण मंद होते. चार्ज व्हावयास वेळ लागतो, चढावर गाडी ओढत नाहीं. अधिक कल्हई म्हणजे अधिक चांगलें पातेलें, हा हिशेब येथें चालत नाहीं. हा लेप आम्लाला नुसता अडवीतही नाहीं. कांहीं अंशीं स्वतः त्याच्याशीं संयोग पावून त्याला निकामी करतो, म्हणजे झिजत झिजत राखण करतो. इतकें करून कणाचें स्वतःचें दुखणें राहातेंच. लिथियम जातांना-येतांना कण किंचित् आकसतो, किंचित् फुगतो. हजार वेळां तसें झालें कीं त्याला भेगा पडतात, आणि भेगेच्या आंत लेप कोठला? अधिक निकेल घातलेल्या हल्लींच्या कॅथोडांत ही पीडा विशेष आहे. त्यांत पुन्हां सारा दोष कॅथोडाचाच असतो असेंही नाहीं. ग्राफाइटच्या बाजूसही झीज चालूच असते. आत्याबाईंच्या निदानाला एवढी पुरवणी जोडणें आम्हांस भाग आहे.

याच्या उलट प्रकारची एक कल्हई आहे, ती साखरेची. टेक्सास विद्यापीठांत गुडइनफ यांच्या हाताखालीं अक्षय पाढी व के. एस. नंजुंडस्वामी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनीं लिथियम-लोह फॉस्फेटाचा कॅथोड अभ्यासला व १९९७ सालीं त्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. लोखंड स्वस्त, फॉस्फेट तापलें तरी सहसा प्राणवायु सोडीत नाहीं, म्हणून आगीचें भय कमी. दोष एकच, पण मोठा: हें द्रव्य विजेला वाट देत नाहीं. पुढें कॅनडांतील माँट्रिऑल येथें नाताली राव्हे, मिशेल आरमां प्रभृतींनीं १९९९ च्या सुमारास दाखविलें कीं, कणांवर कार्बनाचा पातळ थर चढविला म्हणजे हा दोष जातो. हा थर चढविण्यास साखरही चालते. साखरेच्या द्रावणांत भुकटी घोळून, हवेचा संपर्क तोडून, सहा-सातशें अंशांवर तापविली कीं साखर करपून कोळसा होते व कणांना वेढून बसते. पाक करपला म्हणून कढई घांसत बसणाऱ्या आमच्या भगिनींनीं हें मुद्दाम ध्यानांत घ्यावें. आपल्या देशांत हैदराबादच्या ‘ए.आर.सी.आय.’ या सरकारी संस्थेनें कार्बनाचा लेप दिलेलें हें फॉस्फेट करण्याची कृति बसविली आहे; पुण्यास ‘सी-मेट’ संस्थेंत व मुंबईस पवईच्या आय.आय.टी.मध्येंही बॅटरीच्या द्रव्यांवर संशोधन चालतें.

आतां गाडी घेणाऱ्या गृहस्थानें यांतून काय घ्यावें? आमचें स्पष्ट मत असें कीं, विक्रेता जें सांगतो तें नेमकें निरुपयोगी असतें. पल्ला किती, वेग किती, रंग कोणते, एवढ्यावर जाहिरात संपते. आंतील भुकटी कोणती, तिला लेप आहे किंवा नाहीं, हें तो सांगत नाहीं, व बहुधा त्यालाही ठाऊक नसतें. लेपाची कृति हें प्रत्येक कारखान्याचें गुपित असतें. पूर्वीं कल्हईंतही अशी लबाडी चाले. कथलांत शिसें मिसळलें तरी भांडें तितकेंच चकाकतें, आणि विष मात्र पोटांत जातें. म्हणून जाणत्या बायका ओळखीच्या कल्हईवाल्याखेरीज कोणाच्या हातीं भांडें देत नसत. बॅटरीच्या बाबतींत तशी ओळख होण्याचा मार्ग नाहीं. निदान कॅथोड लोह-फॉस्फेटाचा कीं निकेल-मँगनीज-कोबाल्टाचा, हमी किती वर्षांची, आणि क्षमता शेंकडा कितीवर आली म्हणजे बॅटरी बदलून मिळेल, एवढे प्रश्न तरी लेखी विचारावे. आमच्या आत्याबाईंच्या नातवानें शेवटचा प्रश्न विचारला नव्हता. २०२२ च्या उन्हाळ्यांत पुण्यासह देशांत ठिकठिकाणीं विजेच्या दुचाक्या पेटल्या, तेव्हां केंद्र सरकारनें बॅटऱ्यांच्या कसोट्यांचे ‘ए.आय.एस. १५६’ हे नियम अधिक कडक केले. ते झालें तें बरेंच झालें; पण ते नियम सुरक्षितपणाचे आहेत. बॅटरी पेटली नाहीं, नुसती कळकली, तर त्यांचा उपयोग नाहीं.

जें आपल्या हातीं आहे तें थोडें आहे, पण फुकट आहे. कॅथोडावर अधिकांत अधिक ताण असतो तो बॅटरी शिगोशीग भरलेली आणि तापलेली असतांना. म्हणून निकेलाच्या जातीची बॅटरी असेल तर रोजच्या कामापुरती, शेंकडा ऐंशी-नव्वदपर्यंत भरावी, लांबचा प्रवास असेल तेव्हांच पुरी भरावी. लोह-फॉस्फेटाची असेल तर कारखानदाराच्या पुस्तिकेंत जें सांगितलें असेल तें करावें. उन्हांतून येतांच वायर जोडूं नये, तासभर गाडी सांवलींत निवूं द्यावी. रात्रीं लावून सकाळपर्यंत भरलेली ठेवण्यापेक्षां पहांटे लावून निघतेवेळीं काढावी. आणि भरलेली गाडी दुपारच्या उन्हांत पत्र्याच्या छपराखालीं तर मुळींच ठेवूं नये. आमच्या पाहण्यांत कचेऱ्यांच्या आवारांत नेमकें हेंच दिसतें.

हें सर्व आम्हीं नांदगांवीं लिहून कळविलें. नातवानें अंगणांतील गाडी उचलून मागच्या कडुनिंबाखालीं नेली, आणि कचेरींतील वरिष्ठांस विनंति करून दुपारीं तेथें चार्जिंगला लावण्याची परवानगी मिळविली. तेव्हां तूर्त त्याची नोकरी टिकली आहे. बडनेऱ्याच्या पुढें बसून राहाणें थांबलें आहे. गेलेली क्षमता अर्थातच परत आलेली नाहीं, व येणारही नाहीं.

आत्याबाईंस मात्र आमच्या उत्तरानें समाधान झालें नाहीं. पातेल्याची कल्हई उडाली तर चार महिन्यांनीं पुन्हां लावतां येते. या तुमच्या बॅटरीची कां लावतां येऊं नये, असा त्यांचा सवाल होता. आम्हीं त्यांस फोनवर सांगितलें कीं, घट एकदां बंद झाला म्हणजे तो उघडणें धोक्याचें असतें, आणि घरीं तर त्याला हातही लावूं नये. परंतु त्यांच्या मनांतील गोष्ट अगदींच अशक्य नाहीं. आजवर जुन्या बॅटऱ्या बहुधा भट्टींत वितळवून किंवा आम्लांत विरघळवून त्यांतील धातु परत मिळवीत आले आहेत. पण अमेरिकेंत आरगॉन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २०१९ सालीं ‘रिसेल’ नांवाचें एक केंद्र काढलें, तेथें कॅथोडाची भुकटी न मोडतां अखंड वेगळी काढावयाची, तींतील हरवलेलें लिथियम पुन्हां भरावयाचें, आणि तीच भुकटी नव्या घटांत घालावयाची, या दिशेनें प्रयोग चालले आहेत. अशा भुकटीला नवा लेप देऊन पाहाण्याचे प्रयत्नही संशोधकांनीं केले आहेत.

“म्हणजे कल्हईच कीं!” आत्याबाई म्हणाल्या. “मग तो माणूस आपल्या दारावर केव्हां यायचा?”